प्रार्थनेची यादी आणि घरचा मुनीम

प्रार्थनेची यादी प्रत्येक मराठी घरात असते. मग ती कोठे लिहून ठेवलेली असो वा नसो. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावताना घरची वडील बाई जी नावे मनाशी घेते, ती यादीच होय. धाकट्याची परीक्षा, भाचीचे अडलेले लग्न, शेजारच्या आजोबांच्या डोळ्यांचे ऑपरेशन, परदेशी गेलेल्या नातवाची नोकरी, असा तिचा क्रम लागलेला असतो, आणि शेवटी ‘सगळ्यांचे बरे कर’ म्हणून हात जोडले जातात. ही झाली हयात माणसांची यादी. दुसरी यादी गेलेल्यांची. सासऱ्यांची तिथी कोणती, अविधवा नवमी कोणाची करावयाची, कोणामागे करणारे कोणी उरले नाही म्हणून आपणच पान वाढावयाचे, हे सारे तिच्यात असते. तिसरी यादी कुळाचाराची आणि बोललेल्या नवसांची. आजवर या तिन्ही याद्या घरातल्या एखाद्या आजीच्या डोक्यात आणि देवघराच्या फडताळात बासनात बांधलेल्या एका वहीत सुखाने नांदत होत्या.

गेल्या काही वर्षांत त्या तेथून उठून फोनमध्ये येऊ लागल्या आहेत. कोणी तिथ्यांचा तक्ता एक्सेलमध्ये मांडला आहे, कोणी पंचांगाच्या ॲपमध्ये तिथ्या भरून ठेवल्या आहेत, कोणी व्हॉट्सॲपवर घराण्याचा गट काढून त्यात ‘यांच्यासाठी प्रार्थना करा’ अशी नावे टाकण्याची प्रथा पाडली आहे. जपाची संख्या मोजण्यास बोटात घालावयाचे इवलेसे यंत्र तर देवळाबाहेरच्या दुकानांतूनही मिळते. यावरून जुन्या घरांत दोन तट पडलेले दिसतात. वडील मंडळी म्हणतात, देवाच्या दारी यंत्र कशाला? तरुण मंडळी विचारतात, ज्या वहीतले अक्षर कोणाला लागत नाही ती वही कशाला? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि दोघांचेही म्हणणे अर्धे आहे, असे आम्हांस वाटते. कसे, ते पाहण्यासाठी थोडे बेगम बाजारात जाऊन येऊ.

यादी हा शब्दच मुळी आपल्याला बेगम बाजारची आठवण करून देणारा. निजाम अली खानाची बेगम हमदा बेगम हिने ही जागा व्यापाऱ्यांना दिली, असे सांगतात. तेव्हापासून या पेठेने हैदराबादचे स्वयंपाकघर आणि देवघर या दोहोंना सामान पुरविले आहे. गौळीगुडा, जामबाग, काचीगुडा येथील मराठी घरांतून गणपतीपूर्वी किंवा लग्नसराईत मंडळी हातात यादी घेऊन निघत. सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या, कापूर, बदाम, पितळी समया, ताम्हने. दुकानदार यादी हातात घेऊन मोठ्याने वाची आणि आतला माणूस वस्तू काढून देई. आज तोच दुकानदार ‘यादी व्हॉट्सॲपवर पाठवून द्या’ म्हणतो, आणि आपल्यापैकी कोणालाही त्यात काही वावगे वाटत नाही. माल मिळाल्याशी कारण!

याच पेठेत दुसरी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. २०१७ च्या १ जुलैपासून वस्तू व सेवा कर लागू झाला, आणि लहानमोठ्या पेढ्यांचा हिशेब संगणकावर गेला. तरी दिवाळीत वहीपूजन व्हावयाचे ते होतेच. कोणी लाल बांधणीची नवी वही आणून पुजतो, कोणी तिच्या शेजारी संगणकही ठेवून त्यावर कुंकू वाहतो. व्यापारी मनुष्य भाबडा नव्हे. वर्षभर त्या वहीत एक ओळही लिहिली जाणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. पण हिशेब ठेवणे हे एक काम आणि लक्ष्मीपुढे हात जोडणे हे दुसरे, हा भेद त्याने सोडलेला नाही. पहिले काम त्याने मुनिमाकडे दिले आहे. पूर्वी तो मुनीम गादीवर बसे, आता तो पेटीत बसतो. दुसरे काम मालकाचे मालकाकडेच आहे. प्रार्थनेच्या यादीबाबत आम्हांस जे म्हणावयाचे आहे ते एवढ्यात आले. फोनला घरचा मुनीम करावे, यजमान करू नये.

आधी मुनिमाच्या बाजूने बोलू. कारण त्याची गरज हैदराबादच्या मराठी घरांना इतरांहून अधिक आहे. आपल्या जुन्या वह्या तीन कुलुपांत बंद आहेत. पहिले कुलूप मोडीचे. पणजोबांनी लिहिलेले पान नातवाला वाचता येत नाही, पणतवाला तर ती कोणती लिपी हेही सांगावे लागते. दुसरे कुलूप फसली सनाचे. निजामाच्या राज्यात दफ्तरी कालगणना फसली. तिचे महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे इराणी नावांचे. सरकारी नोकरीतल्या माणसाने घरच्या वहीतही मृत्यूची नोंद त्याच सवयीने केलेली असावयाची. आजूरपासून सुरू होणाऱ्या या हैदराबादी फसलीत आरंभीच्या तीन महिन्यांस ५९० आणि पुढे जानेवारीपासून ५९१ मिळविले की इसवी सन येतो, हे सांगणारी माणसे आता घरोघर राहिलेली नाहीत. तिसरे कुलूप पांगापांगीचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाच्या मुलखाची भाषावार वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि शहरातले मराठी कुटुंब इकडे, त्याचे गाव, शेत आणि कुलदैवत तिकडे, अशी स्थिती झाली. पुढची पिढी पुण्या-मुंबईस गेली, त्यापुढची न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियास. वही मात्र एकच, आणि ती ज्याच्या वाट्यास आली त्याच्या फडताळात.

अशा वेळी एखाद्या सुनेने एक रविवार खर्ची घालून सासूबाईंजवळ बसावे, त्या सांगतील ती नावे, गोत्र, तिथ्या, कुळाचार टिपून घ्यावेत, वहीच्या पानांची छायाचित्रे काढावीत आणि चार भावंडांना एकेक प्रत पाठवावी, यात धर्म बुडण्यासारखे काय आहे? उलट तीर्थक्षेत्रांच्या उपाध्यांनी पिढ्यान् पिढ्या हेच केले. त्र्यंबकेश्वरास किंवा गयेस गेलेल्या यात्रेकरूच्या पूर्वजांची नावे त्यांच्या बाडांतून निघतात. हरद्वारच्या पंड्यांच्या अशा वह्यांची सूक्ष्मचित्रे अमेरिकेतील यूटा येथील वंशावळ संस्थेने घेऊन ठेवली आहेत. इतके दूरचे लोक आपल्या पूर्वजांची नावे जपून ठेवतात आणि घरातली वही वाळवी खाते, ही गोष्ट काही भूषणाची नव्हे.

शेजाऱ्यांकडेही पाहावे. आबिड्सजवळ टिळक रोडवर पारशांची अग्यारी आहे. त्यांच्या विधींत हयात आणि दिवंगत आप्तांची नावे घेतात, आणि त्यासाठी घरोघर नावांची वही असते. तिला नामग्रहण म्हणतात. जपानी बौद्ध घरांत देव्हाऱ्यापाशी मृतांच्या नावांची ‘काकोच्यो’ नामक वही ठेवतात. तिच्या एका प्रकारात महिन्याच्या १ ते ३१ तारखांची पाने असतात. रोज त्या दिवसाचे पान उघडावयाचे आणि त्यावरच्या नावांना नमस्कार करावयाचा. यहुदी लोकांचे मृत्युदिन त्यांच्या चांद्र-सौर पंचांगाप्रमाणे पाळले जातात. आपल्यासारखाच त्यांनाही अधिक महिना आहे, १९ वर्षांत ७. त्यांच्या घरांतून आता ही तारीख संगणक काढून देतो, आणि दिवा मात्र माणूस लावतो. हीच विभागणी आपल्यालाही मानवण्यासारखी आहे.

पण मुनीम ठेवावयाचा तर त्याला धंदा शिकवावा लागतो. नाही तर तो बिनचूक दिसणारी चूक करून ठेवतो. याचा मासला बेगम बाजारातच सापडेल. आपला महिना अमावास्येस संपतो, तसाच आपल्या तेलुगू आणि गुजराती शेजाऱ्यांचाही. म्हणून भिंतीवर कालनिर्णय असो की वेंकटरामा कंपनीचे तेलुगू कॅलेंडर असो, महिना जुळतो. परंतु मारवाडी शेठजींचा महिना पौर्णिमेस संपतो. आपल्या भाद्रपद वद्यातला पितृपंधरवडा त्यांच्या हिशेबी आश्विनात पडतो, आणि त्यांचा भाद्रपद वद्य पक्ष म्हणजे आपला श्रावण वद्य. आता एखादे ॲप उत्तरेकडच्या रीतीने चालत असेल आणि त्यात आपण ‘भाद्रपद वद्य अष्टमी’ असे भरले, तर ते आपल्याला एक महिना आधी श्राद्धाची आठवण देईल! शुक्ल पक्षातील तिथ्यांना हा घोटाळा नाही, म्हणून तो लवकर ध्यानातही येत नाही. ॲपमध्ये अमान्त आणि पूर्णिमान्त अशी निवड असते, ती आधी पाहून घ्यावी.

दुसरा घोटाळा एका दिवसाचा. पंचांगाच्या चौकटीत ठळक छापलेली असते ती सूर्योदयाची तिथी. श्राद्धास पाहावयाची ती अपराह्णकाळी असलेली. सकाळी सप्तमी असून दुपारी अष्टमी लागली, तर अष्टमीचे श्राद्ध त्या दिवशी येऊ शकते. फोन ते दुसऱ्या दिवशी दाखवील. तिसरा घोटाळा अंतराचा. तिथी हा चंद्र-सूर्याच्या अंतराचा हिशेब, तेव्हा तिच्या आरंभाचा क्षण साऱ्या जगाला एकच. पण त्या क्षणी येथे रात्र असते आणि न्यू जर्सीत दिवस. त्यामुळे दोन भावांच्या घरी एकाच वडिलांची तिथी दोन वेगळ्या तारखांना येणे शक्य आहे. फोनवर गाव हैदराबाद लावले आहे की आपले राहते शहर, हे पाहिल्याखेरीज भावाला ‘तुझा दिवस चुकला’ म्हणू नये. चौथी अडचण अधिक महिन्याची. २०२३ साली श्रावण अधिक होता. अशा वर्षी निज महिना धरावयाचा की कसे, याचा निर्णय कुळाची रीत जाणणाऱ्याकडून किंवा गुरुजींकडून घ्यावा. यंत्राला गणित येते, घराण्याची रीत त्याला आपण सांगावी तेव्हा कळते.

येथवर मुनिमाचे काम झाले. आता मालकाचे.

आजकालच्या घरांत असे घडताना दिसते. सकाळी नऊ वाजता फोन किणकिणतो: ‘गॅसचे बिल’, ‘आत्याबाईंची तिथी’, ‘गाडीचा विमा’. तिन्ही ओळी एका मापाच्या, एका रंगाच्या. बोटाने तिन्ही बाजूला सारल्या की ‘झाले’ अशी खूण उमटते. बिल खरोखरच भरले गेले असेल. आत्याबाईंचे मात्र काय झाले? स्मरण करून देणे आणि स्मरण करणे यांत जे अंतर आहे ते या एका खुणेने पुसून जाते. तर्पणात नुसते नाव घेऊन भागत नाही. गोत्र, नाते, नाव असे ओळीने म्हणावयाचे असते, वडील, आजोबा, पणजोबा असे मागे मागे जावयाचे असते. संकल्पातही देश, काल, आपले गोत्र आणि आपले नाव उच्चारल्यावाचून पुढे जाता येत नाही. मागणाऱ्याने आपला पत्ता सांगितला पाहिजे आणि ज्याच्यासाठी मागावयाचे त्याचे नाव तोंडाने घेतले पाहिजे, असा त्यामागचा आग्रह दिसतो. यासाठी आमची साधी सूचना अशी की, घंटा वाजली की ती बंद करण्यापूर्वी ते नाव एकदा मोठ्याने म्हणावे. कचेरीत असलात तर मनाशी म्हणावे. अर्धे मिनिटही लागत नाही.

यादीत फेरफार करण्याचे कामही यंत्रावर सोपवू नये. हयात माणसांच्या पानावरचे एखादे नाव गेलेल्यांच्या पानावर न्यावे लागते, ही घरातली सर्वांत जड नोंद. पूर्वी ती कोणाच्या तरी हाताने होई. शाई वाळेपर्यंत वही उघडी राही आणि तेवढा वेळ घर गप्प असे. एक्सेलमध्ये तीच गोष्ट दोन कळांनी होते. सोयीसाठी ती तेथे करावी. पण वर्षातून एकदा, सर्वपित्री अमावास्येच्या दिवशी, सारी यादी एका वहीत हाताने उतरून काढावी, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. चाळीस-पन्नास नावे लिहिण्यास घटकाभर लागेल. त्या घटकेत मुले विचारतील, हे कोण होते? त्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास मिळावे म्हणूनच तर या साऱ्या याद्या!

सर्वपित्री अमावास्येचे नाव निघाले ते बरेच झाले. ज्यांची तिथी ठाऊक नाही, जी चुकली, जी राहून गेली, त्यांच्यासाठी आपल्या पूर्वजांनी हा दिवस राखून ठेवला. माणूस विसरणार हे त्यांनी धरूनच ठेवले होते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी, म्हणजे १३१७ फसलीत, मुसी नदीला पूर आला आणि बेगम बाजाराच्या अंगालाच लागून असलेल्या अफझलगंजात हाहाकार उडाला. तेथील दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली, आणि ते झाड आजही उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात दाखवितात. पण हजारो वाहून गेले. काही घरांत तर मागे नाव सांगण्यासही कोणी राहिले नाही. अशांचे नाव कोणत्या तक्त्यात भरावयाचे? यंत्राच्या यादीत रकाना रिकामा ठेवला तर ते त्याला चूक म्हणते. आपल्या विधीत त्या रिकाम्या रकान्यासाठी एक पान वाढलेले असते. ज्ञानेश्वरांनी १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण करून जे पसायदान मागितले, त्यातले मागणेही कोणा एकट्यासाठी नाही, प्राणिमात्रासाठी आहे. म्हणून यादी कितीही नीट केली तरी तिच्या शेवटी आजीचे ते ‘सगळ्यांचे बरे कर’ राहिलेच पाहिजे. त्याला स्मरणपत्राची गरज नाही, आणि ते कोणी पुसूनही टाकू शकत नाही.

आणखी एक गोष्ट व्यापाऱ्याच्या वहीवरून शिकण्याजोगी आहे. तीत जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात. प्रार्थनेच्या आधुनिक यादीत पाहावे तो सारी मागणी. आजारी माणूस बरा झाला की त्याचे नाव काढून टाकतात, कारण ‘काम झाले’. जुन्या वहीत तसे नव्हते. नवस बोलला तो एका ओळीत, आणि फेडला तो दिवस तिच्यासमोर. तुळजापूरची ओटी, जेजुरीचा भंडारा, जे काही कबूल केले असेल ते पोचले की नाही, हे पान उघडताच कळे. फोनवरच्या तक्त्यात ‘जमा’ असा एक रकाना वाढविण्यास काही खर्च येत नाही. मुलगा पास झाला, तिकडून सुखरूप पोचल्याचा निरोप आला, ताप उतरला, हे तेथे लिहावे. वर्षअखेर तो रकाना वाचून पाहावा. मन खट्टू झालेल्या माणसाला त्याच्याइतके औषध नाही.

शेवटी एक इशारा द्यावासा वाटतो, तो गटांविषयी. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत घराघरांतले व्हॉट्सॲप गट दवाखान्यांच्या दारांसारखे झाले होते. ऑक्सिजन कोठे मिळेल आणि अमक्यासाठी प्रार्थना करा, हे निरोप एकामागून एक येत. त्या दिवसांत या साधनाने माणसाला माणूस जोडून दिला, हे कोणी नाकारू नये. ज्यांना दारापर्यंत जाता येत नव्हते त्यांना निदान नाव तरी घेता आले. परंतु ती सवय पुढेही राहिली, आणि आता कोणाला कोणता रोग झाला, कोणाच्या मुलीचे घर मोडते आहे, कोणाच्या मुलाला व्यसन लागले, हे सारे ‘प्रार्थना करा’ या सात्त्विक मथळ्याखाली शंभर फोनांवर जाते. ज्याच्यासाठी प्रार्थना मागितली त्याला कोणी विचारलेले नसते. आजी ही नावे देवाला सांगे आणि देव ती पुढे कोणाला सांगत नसे! ॲपच्या बाबतीत तर एवढाही भरवसा नाही. २०२० च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील पत्रकारांनी उघडकीस आणले की, नमाजाच्या वेळा दाखविणाऱ्या एका लोकप्रिय ॲपमधून वापरणाऱ्यांच्या ठावठिकाणाची माहिती असल्या माहितीचा व्यापार करणाऱ्या कंपनीकडे जात होती. फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत कोणीतरी कोठेतरी देतच असतो, हे बेगम बाजारात वाढलेल्या मुलालाही ठाऊक असते. तेव्हा गेलेल्यांच्या तिथ्या आणि कुळाचार गटात खुशाल द्यावेत. ते साऱ्या घराण्याचे आहेत. हयात माणसांची दुःखे मात्र आपल्या खासगी पानावर ठेवावीत. नुसते नाव लिहावे, कारण लिहू नये. ज्याच्याकडे मागावयाचे त्याला ते ठाऊक असते.

हे काम एकेका घराने करावयाचे असले तरी संस्थांचा हात लागला तर ते लवकर होईल. १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी, आपले मराठी ग्रंथसंग्रहालय, महाराष्ट्र मंडळ, यांपैकी कोणी महिन्यातून एक दुपार राखून ठेवावी. जुन्या मंडळींनी मोडी आणि फसली वाचून दाखवावे, तरुणांनी ते फोनात उतरून घ्यावे. जुन्या माणसाला वाचता येते पण फोन येत नाही, नव्याला फोन येतो पण वाचता येत नाही. दोघे एका चटईवर बसले की वही उघडते. मात्र ही दुपार पुढल्या दिवाळीवर टाकू नये. फडताळातली वही आणखी काही वर्षे टिकेलही. ती वाचून दाखविणारे डोळे तितकी वर्षे थांबतील, असा भरवसा कोणी द्यावा?